टण्ण आवाज गेला कुठे? व्हिडिओ मीटिंगमधून काय पोहोचतं आणि काय गळतं

कोल्हापूरच्या शिरोली एमआयडीसीतल्या ज्या फाउंड्रीत मी एक्सपोर्टचं काम बघते, तिथे कास्टिंग, म्हणजे साच्यात ओतून घडवलेला लोखंडी पीस, तपासायची एक जुनी रीत आहे. पीस साखळीला टांगायचा आणि हातोडीने हलकेच ठोकायचं. एसजी आयर्न या खास ओतीव लोखंडाचा चांगला पीस टण्ण वाजतो आणि आवाज थोडा वेळ घुमत राहतो. आत कुठे तडा असला तर आवाज बसका येतो. पुढे मशीनवर रीतसर तपासणी होतेच, पण कान आधी सांगतो.

जर्मनीतल्या एका पार्टीला, म्हणजे ग्राहक कंपनीला, व्हिडिओ कॉलवर आम्ही हेच दाखवत होतो. सुपरवायझर दादांनी हातोडी मारली. पलीकडे शांतता. पुन्हा मारली. पलीकडचे साहेब म्हणाले, "हात हलताना दिसतोय, आवाज येत नाही." आम्ही म्यूटवर नव्हतो. नेट व्यवस्थित होतं. दादांचं बोलणंही स्वच्छ ऐकू जात होतं. टण्ण तेवढा गायब.

नंतर कळलं ते असं. या अ‍ॅपमध्ये नॉइज सप्रेशन नावाची सोय आपोआप चालू असते. माणसाचा आवाज ठेवायचा आणि बाकीचा गोंगाट पुसून टाकायचा, एवढंच तिचं काम. कुत्र्याचं भुंकणं, पंख्याची घरघर आणि हातोडीचा ठोका तिच्या लेखी एकच. पार्टीला जे ऐकवण्यासाठी कॉल लावला, तेच तिने गोंगाट समजून काढून टाकलं. सेटिंगमध्ये जाऊन ती बंद केली, मग पलीकडे टण्ण पोहोचला.

तोवर मी व्हिडिओ कॉलला लांबवर उघडणारी खिडकी समजत होते. आता ती मला चाळणी वाटते, आणि चाळणीची भोकं केवढी असावीत हे आपल्याला न विचारता कुणीतरी ठरवून ठेवलेलं असतं.

ऑगस्ट २०२३ मध्ये खुद्द झूम कंपनीने ऑफिसपासून ५० मैलांच्या, म्हणजे साधारण ८० किलोमीटरच्या आत राहणाऱ्या आपल्या कर्मचाऱ्यांना आठवड्यातून दोन दिवस ऑफिसात यायला सांगितलं. जानेवारी २०२५ पासून अ‍ॅमेझॉनने ऑफिसच्या लोकांना पाचही दिवस बोलावलं. "घरून काम होत होतं की, मग आता काय झालं?" हा प्रश्न पुण्यातल्या किती घरांत जेवणाच्या ताटावर निघाला असेल! आणि इकडे तालुक्याच्या कचेरीत जावं, तर "साहेब व्हीसीत (व्हिडिओ कॉन्फरन्समध्ये) आहेत" म्हणून तासभर बाकावर बसावं लागतं. मग ही व्हीसी कामाची आहे की नाही? याचं उत्तर चाळणीत आहे, म्हणून आधी तीच बघू.

चित्र पलीकडे जातं म्हणजे काय होतं?

पडद्यावरचं चित्र बारीक ठिपक्यांचं असतं. साधारण चांगल्या दर्जाच्या कॉलमध्ये आडवे १२८० आणि उभे ७२० ठिपके, म्हणजे एका चित्रात नऊ लाखांवर ठिपके, आणि अशी सेकंदाला ३० चित्रं. हे सगळं जसंच्या तसं पाठवायचं म्हटलं तर तासाभराच्या मीटिंगला जवळजवळ ३०० जीबी डेटा लागेल. प्रत्यक्षात एखाद-दोन जीबीत भागतं. मग बाकीचं जातं कुठे?

जुन्या किराणा दुकानातली वही आठवा. पहिल्या ओळीत तारीख, नाव, माल सगळं सविस्तर लिहिलेलं, आणि खालच्या ओळीत तेच असेल तिथे नुसत्या दोन रेघा. व्हिडिओही असाच लिहिला जातो. तुमच्यामागची भिंत पहिल्यांदा एकदा पूर्ण पाठवली जाते, आणि मग पुढच्या चित्रांत "भिंत वरीलप्रमाणे" एवढाच निरोप. ओठ हलले, हात हलला, तेवढंच नव्याने जातं. या आवळून बांधण्याला कॉम्प्रेशन म्हणतात.

आवळताना आणखी एक गोष्ट होते. डोळ्याला सहसा जाणवत नाहीत असे बारीक फरक सोडून दिले जातात. चेहऱ्यावरच्या सूक्ष्म रेषा, कापडाचा पोत, लोखंडावरची खरखर. माणूस ओळखायला त्यांचं अडत नाही. पण इचलकरंजीच्या व्यापाऱ्याला कापडाचा पोतच बघायचा असतो, आणि आमच्या पार्टीला कास्टिंगवरचं सुईच्या टोकाएवढं ब्लो होल, म्हणजे ओतताना अडकलेल्या हवेने पडलेलं भोक. जे सगळ्यात आधी गळतं, त्याच्यावरच धंदा अवलंबून असतो. म्हणून आम्ही आता पीस व्हिडिओवर फिरवून दाखवत नाही. बाजूने टॉर्च मारून स्थिर फोटो काढतो आणि वेगळी फाइल म्हणून पाठवतो. कॉल फक्त त्यावर बोलण्यापुरता.

पण नेट फास्ट घेतलं की प्रश्न मिटेल ना?

अर्धाच मिटेल. एका क्षणात किती डेटा जाऊ शकतो ती झाली नेटची रुंदी, बँडविड्थ. पाठवलेली गोष्ट पोहोचायला किती वेळ लागतो ते वेगळं, त्याला लेटन्सी म्हणतात. मी यापुढे नुसता 'उशीर' म्हणेन. रस्ता चौपदरी केला म्हणून गाव जवळ येत नाही.

पुणे ते न्यूयॉर्क हे अंतर सरळ रेषेत मोजलं तर साडेबारा हजार किलोमीटरच्या आसपास आहे. काचेच्या तारेतून प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर धावतो. म्हणजे काहीही केलं तरी एका बाजूचा प्रवास सेकंदाच्या सोळाव्या भागाच्या आत होणार नाही. त्यात समुद्राखालच्या केबल सरळ जात नाहीत, वळसे घेतात. शिवाय चित्र आवळणं, वाटेतले सर्व्हर, पलीकडे पुन्हा उलगडणं, यात वेळ जातोच. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची शिफारस आहे की बोलणं सहज वाटायचं तर एका बाजूचा उशीर १५० मिलिसेकंदांच्या आत असावा. मिलिसेकंद म्हणजे सेकंदाचा हजारावा भाग.

एवढ्याशा उशिराने काय बिघडतं? बरंच. जगातल्या दहा वेगवेगळ्या भाषांतली बोलणी तपासून २००९ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. एकाचं बोलणं संपून दुसऱ्याचं सुरू होईपर्यंत सरासरी २०० मिलिसेकंदांच्या आसपास वेळ जातो, असं त्यात दिसलं. सेकंदाचा पाचवा भाग! म्हणजे समोरचा वाक्य संपवतोय हे आपण आधीच ताडतो आणि तयार असतो. कॉलवर जाता-येताचा उशीर मिळून ही सगळी फट खाऊन टाकतो. मग दोघं एकदम बोलतात, दोघं एकदम थांबतात, "तुम्ही बोला", "नाही नाही, तुम्ही बोला". यात चूक दोघांचीही नसते.

आणि हुंकार? आजी गोष्ट सांगायची तेव्हा आपण "हं" म्हणत राहायचो. "हं" थांबला की ती विचारायची, "झोपलास का रे?" मोठेपणीही आपलं बोलणं हुंकारावरच चालतं. "हं", "हो ना", "बरोबर", मान हलवणं, भुवई उचलणं. कॉलवर शिस्त म्हणून सगळे म्यूटवर बसतात. न बसले तरी एकावर दुसऱ्याचा आवाज आला की अ‍ॅप बहुतेक वेळा एकालाच पुढे करतं. बोलणाऱ्याला वाटतं आपण भिंतीशी बोलतोय. मग तो एकतर घाईने उरकतो, नाहीतर तीच गोष्ट तीनदा सांगतो. शांत स्वभावाची जी मंडळी दोन वाक्यांच्या मधल्या फटीत शिरून आपलं म्हणणं मांडतात, त्यांना फटच मिळत नाही. मला या सगळ्या प्रकारात सर्वांत जास्त वाईट याचंच वाटतं.

आवाज मध्येच तुटतो त्याचंही कारण यातच आहे. डेटा छोट्या पुडक्यांनी जातो. फाइल डाउनलोड करताना एखादं पुडकं हरवलं तर ते पुन्हा मागवतात. बोलण्यात तशी सवड नसते. दोन सेकंदांनी आलेला शब्द शिळा, म्हणून तो सोडून पुढे जातात.

मग एवढं गळत असताना लोक वापरतात का?

कारण जे पोहोचतं तेही मोठं आहे. कोल्हापूरहून मुंबईत एका तासाच्या मीटिंगला जायचं तर पावणेचारशे किलोमीटर. रात्रीची बस, सकाळी कुठेतरी तोंड धुणं, मीटिंग, परत रात्रीची बस. तासाभराच्या बोलण्यासाठी दोन रात्री आणि एक दिवस. घरी लहान मूल असलेल्या बाईला, व्हीलचेअर वापरणाऱ्या माणसाला, एकट्याने दुकान चालवणाऱ्याला ही मीटिंग पूर्वी 'नाहीच' होती. पूर्वी नाहीच असलेली गोष्ट आता होते, हा फायदा पैशांत मोजता येत नाही.

पण माझ्या मते याहून मोठा फायदा वेगळाच आहे, आणि त्याच्याबद्दल फारसं बोललं जात नाही. पूर्वी पार्टीकडे कोण जायचं? मालक, नाहीतर माझ्यासारखी ऑफिसातली माणसं. पार्टीने विचारलं की या बॅचला साच्याच्या वाळूत ओल किती होती, की आम्ही म्हणणार, "विचारून कळवतो." आता दादा मोल्डिंगच्या लाइनशेजारी फोन घेऊन उभे राहतात. इंग्रजी मी सांभाळते, पण उत्तर त्यांचं असतं. तीस वर्षं भट्टीजवळ काढलेला माणूस पहिल्यांदा मीटिंगमध्ये बसला तो व्हिडिओ कॉलमुळे. त्या दिवशी एका रिजेक्शनचं कारण वीस मिनिटांत निघालं. एरवी ईमेलवर पंधरवडा गेला असता.

कायद्यानेही हे मान्य केलेलं आहे. कंपनी कायदा २०१३ नुसार सर्वसाधारणपणे संचालक मंडळाच्या वर्षाला किमान चार बैठका व्हाव्या लागतात आणि दोन बैठकांमध्ये १२० दिवसांपेक्षा जास्त अंतर चालत नाही. संचालक व्हिडिओवरून हजर राहू शकतो आणि त्याची हजेरी गणसंख्येत धरली जाते. सुरुवातीला प्रत्येकाने आपलं नाव, आपण कुठून बोलतोय, विषयपत्रिका मिळाली आहे आणि आपल्या जागी दुसरं कुणी ऐकत-बघत नाही, हे सांगायचं असतं. ही चार वाक्यं मला फार शहाणपणाची वाटतात. बंद खोलीत जे आपसूक दिसतं, ते इथे तोंडाने सांगायला लावलं आहे. वार्षिक हिशेबांना मंजुरी, विलीनीकरण अशा काही विषयांना सुरुवातीच्या नियमांत व्हिडिओची मनाई होती. जून २०२१ मध्ये ती उठवली. त्याच्याही आधी, २००३ साली, महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने परदेशातल्या साक्षीदाराची साक्ष व्हिडिओवरून घेता येते असं सांगितलं होतं.

एक गोष्ट मात्र कुठल्याही अ‍ॅपला जमलेली नाही. अंतर मिटलं तरी सूर्य आपल्या वेळेनेच उगवतो. न्यूयॉर्कची घड्याळं आपल्यापेक्षा उन्हाळ्यात साडेनऊ आणि हिवाळ्यात साडेदहा तास मागे असतात. त्यांची सकाळ ती आपली सायंकाळ. ग्राहक तिकडचा म्हणून गैरसोय इकडच्यानेच सोसायची, ही रीत पडून गेली आहे. हिंजवडीतल्या कुणालाही विचारा, मुलांच्या जेवणाची वेळ आणि कॉलची वेळ एकच असते. निदान आठवड्याआड एक कॉल त्यांच्या पहाटे ठेवा, असं ठामपणे म्हणायला हरकत नाही.

नुसतं बसून बोलायचं, मग दमायला का होतं?

स्टॅनफर्ड विद्यापीठाचे जेरेमी बेलेन्सन यांनी २०२१ मध्ये याची चार कारणं मांडली. एक, चेहरे फार जवळ आणि सतत रोखलेले दिसतात. खोलीत दहाजणं एकाच माणसाकडे टक लावून बघत नाहीत, पडद्यावर तसं वाटतं. दोन, स्वतःचा चेहरा तासन्‌तास समोर. तीन, कॅमेऱ्याच्या चौकटीत राहायचं म्हणून जागचं हलता येत नाही. चार, खुणा समजून घ्यायला आणि आपल्या खुणा पोहोचवायला डोक्याला जास्त काम पडतं.

यात नजरेची एक विचित्र अडचण आहे. पडद्यावर समोरच्याच्या डोळ्यांत बघाल तर त्याला तुम्ही खाली बघताय असं दिसतं, कारण कॅमेरा वर आहे. कॅमेऱ्यात बघाल तर तुम्हाला त्याचे डोळे दिसत नाहीत. नजरेला नजर भिडतच नाही. भाव ठरवताना, उधारीची मुदत वाढवून मागताना ही उणीव फार जाणवते.

मग सरळ फोनच का नको?

पुष्कळदा फोनच बरा. १९६४ साली न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात एटी अँड टी कंपनीने पिक्चरफोन दाखवला आणि १९७० मध्ये पिट्सबर्गमध्ये तो विकायला काढला. महाग होता हे खरंच, पण प्रत्येक वेळी आपण दिसावं असंही लोकांना वाटत नव्हतं. तो चालला नाही. दोन ओळखीच्या माणसांचं दहा मिनिटांचं काम असेल तर साधा फोन घ्या आणि फेऱ्या मारत बोला. व्हिडिओ कॉलच लागणार असेल तर निदान स्वतःचा चेहरा लपवायची सोय वापरा. दुसऱ्यांना तुम्ही दिसताच, फक्त तुम्हाला दिसत नाही.

नवं काही सुचायला समोरासमोर बसावं लागतं का?

यावर चांगला पुरावा आहे. मेलनी ब्रुक्स आणि जोनाथन लेवाव या संशोधकांचा अभ्यास २०२२ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात आला. त्यांनी लोकांच्या जोड्या केल्या. काही जोड्या एका खोलीत बसवल्या, काही व्हिडिओवर, आणि नव्या कल्पना काढायला सांगितल्या. व्हिडिओवरच्या जोड्यांना कमी कल्पना सुचल्या. प्रयोगशाळेपुरतंच असेल म्हणावं, तर पाच देशांतल्या खऱ्या इंजिनिअर मंडळींवरही प्रयोग केला. निकाल तोच.

कारण मोठं रंजक आहे. व्हिडिओवर नजर पडद्याला खिळून राहते, आणि नजर अडकली की मनही अडकतं. खोलीतली माणसं इकडेतिकडे बघतात, छताकडे बघतात, कोपऱ्यातल्या कुंडीकडे बघतात, आणि तिथेच काहीतरी सुचतं. पण सुचलेल्यांतून चांगली कल्पना निवडायची वेळ आली, तेव्हा व्हिडिओवरची माणसं कुठेही कमी पडली नाहीत. निवड करणं, निर्णय घेणं, ठरलेल्या कामाचा आढावा ही कामं पडद्यावर चांगली होतात. कोरी पाटी घेऊन बसायचं असेल तर एका टेबलाभोवती बसा. झूमने आपल्या माणसांना दोन दिवस बोलावलं, त्यात मला म्हणूनच काही विसंगती वाटत नाही. पाचही दिवस बोलावणाऱ्यांनी मात्र आढाव्याच्या मीटिंगसाठी माणसाला दोन तास ट्रॅफिकमध्ये का बसवायचं, याचं उत्तर द्यायला हवं.

अर्धे खोलीत, अर्धे पडद्यावर

हा सगळ्यात वाईट प्रकार. आठजण टेबलाभोवती, मध्ये एक लॅपटॉप, दोघं पडद्यावर. खोलीतले हसले तर का हसले हे त्या दोघांना कळत नाही. मांडवाबाहेर उभं राहून लग्न बघण्यासारखं. शिवाय माइकपासून अंतर दुप्पट झालं की पोहोचणाऱ्या आवाजाची ऊर्जा साधारण चौथा हिस्साच उरते. टेबलाच्या टोकाला बसलेला माणूस पलीकडे जवळजवळ पोहोचतच नाही. एकजण जरी पडद्यावर असेल तर सगळ्यांनी आपापल्या हेडफोनवर यावं, हा नियम आम्ही केला आणि भांडणं कमी झाली. पैसे घालायचेच असतील तर कॅमेऱ्याआधी माइकवर घाला. चित्र अडकलं तरी मीटिंग चालते, आवाज गेला की संपते.

समोर दिसतोय तो माणूस, मग खोटा कसा असेल?

२०२४ च्या सुरुवातीला हाँगकाँगमध्ये अरप या ब्रिटिश अभियांत्रिकी कंपनीतल्या एका कर्मचाऱ्याला ईमेल आला, गुप्तपणे पैसे पाठवा म्हणून. त्याला संशय आला. मग व्हिडिओ कॉल झाला. कॉलवर मुख्य वित्त अधिकारी होते, ओळखीचे सहकारी होते. त्याचा संशय गेला आणि त्याने १५ वेळा मिळून सुमारे २० कोटी हाँगकाँग डॉलर पाठवले. कॉलवरचा त्याच्याशिवायचा प्रत्येक चेहरा संगणकाने बनवलेला होता. अशा बनावट चित्राला डीपफेक म्हणतात.

आपल्याकडे 'डिजिटल अरेस्ट'च्या नावाने लोकांना लुटलं जातंय, त्याचंही मूळ तेच. खाकी वर्दी, मागे पोलीस ठाण्यासारखी भिंत, आणि पडद्यावर दिसलं म्हणजे खरं, हा आपला भाबडा विश्वास. व्हिडिओ कॉलवर अटक करायची तरतूद आपल्या कुठल्याही कायद्यात नाही. असा कॉल आला तर कापा आणि १९३० या क्रमांकावर कळवा. धंद्यात नियम साधा ठेवा. पैसे पाठवायचा किंवा बँक खातं बदलायचा निरोप कॉलवर आला, तर आपल्याकडे आधीपासून असलेल्या नंबरवर आपण होऊन फोन लावायचा. मालक स्वतः पडद्यावर दिसत असले तरी लावायचा, आणि मालकांनी त्याचा राग मानायचा नाही.

आम्ही काय करतो

नवी पार्टी असेल तर पहिली भेट समोरासमोर. आम्ही जातो, नाहीतर त्यांना कोल्हापुरात बोलावतो, भट्टी दाखवतो, जेवायला नेतो. चहा-जेवणात जे बोलणं होतं त्याला विषयपत्रिका नसते, आणि पुढे दोन वर्षांचे कॉल त्या ओळखीवर चालतात. वाद झाला असेल तरीही शक्यतो जातो. बाकी डिस्पॅचच्या तारखा, ड्रॉइंगमधले बदल, महिन्याचा आढावा हे सगळं कॉलवर, चाळीस मिनिटांच्या आत.

नमुना दाखवायचा असेल तर कॉलच्या आठवडाभर आधी त्याच बॅचमधला एक पीस कुरिअरने पाठवतो. चार किलोचं पार्सल जर्मनीला पाठवायला खर्च येतो, पण आता दादा इकडे ठोकतात तेव्हा तिकडचे साहेबही आपल्या टेबलावरचा पीस उचलून ठोकतात, आणि कोणत्या कडेला आवाज बदलला ते दोघं एकमेकांना सांगतात.